पाच हातांची सरपंच

माणसानं कशावर जळावं याला काही धरबंध असतो की नाही? कुणी शेजाऱ्याच्या दुभत्या म्हशीवर जळतं, कुणी भावानं टाकलेल्या स्लॅबवर. आमच्या गावची बसव्वा मगदूम मात्र एका शब्दावर जळायची. गाव आजऱ्याच्या वाटेवरचं, डोंगराच्या पोटातलं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या दारावर निळी पाटी आहे आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, ‘लोकनियुक्त सरपंच सौ. शिवांजली बसवेश मगदूम’. ही शिवांजली म्हणजे बसव्वाची धाकटी जाऊ. एका घरात, एका चुलीवर दोघींचा संसार. नावाबद्दल बसव्वाचं काही म्हणणं नव्हतं. ‘सरपंच’सुद्धा तिनं कसंबसं गिळलं असतं. पण ते ‘लोकनियुक्त’ नजरेला पडलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

“लोकनियुक्त म्हणं! मंग मला काय म्हसरांनी नेमलंतं?” ती नवऱ्याला विचारायची.

चन्नाप्पा तसा गरीब माणूस, पण जिभेला हाड नाही. तंबाखू मळत मळत म्हणायचा, “म्हसरांनी कशाला? पाच माणसांनी नेमलंतं की.”

झालं! मग त्या दिवशी चन्नाप्पाच्या ताटात भाकरी पडायची ती करपलेलीच.

हे पाच माणसांचं दुखणं जुनं. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

बसव्वा निपाणीकडची लेक. लग्न होऊन आली तेव्हा मराठी तिच्या तोंडात बसत नव्हतं. पावण्यांना ‘या’ म्हणायचं तिथं ‘बर्री’ म्हणून जायची. बायका हसायच्या. तीही हसून घ्यायची, पण चार माणसांत तोंड उघडायची जी धास्ती बसली ती बसलीच. पुढं मराठी आमच्यापेक्षा फर्डं झालं, धास्ती काही गेली नाही. चन्नाप्पाची पिठाची गिरण होती, ती बसव्वा चालवायला लागली. गिरणीच्या घरघरीत बोलायची गरजच नाही. दळणाचा डबा घ्यायचा, पिठाचा डबा द्यायचा, मान हलवायची. आख्खं गाव तिच्या हातचं पीठ खायचं. कुणाच्या घरी पावणे आलेत, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, हे तिला दळणावरनं कळायचं. आणि इतकं असूनही, आपण गावाला आवडतो का, हे मात्र तिला कधी कळलं नाही.

बारा-तेरा वर्षांमागं तिचा वॉर्ड बाईसाठी राखीव झाला आणि ती सदस्य झाली. तेव्हा कायदा असा होता की गावानं वॉर्डावॉर्डातनं नऊ सदस्य निवडायचे आणि त्या नऊ जणांनी आपल्यातलाच एक उचलून सरपंच करायचा. गावाचं काम पहिल्या दिवशीच संपलं. सरपंचपदही त्या वेळी बाईलाच होतं. चार सदस्य या बाजूला, चार त्या बाजूला आणि मध्ये एकटी बसव्वा. या बाजूचा म्होरक्या बाळासो. तो गिरणीत आला आणि घरघरीतच तिच्या कानाशी ओरडला, “अक्का, आमच्यात या. सरपंच तुमास्नीच करतो. पण अडीच वर्सं हां! मागनं माझी बायको.”

देवळात नेऊन पाचही जणांनी बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द. तो मोडला तर वंशाला लागतो, असं आमच्याकडं मानतात. कायद्याचं कलम मोडतील, बेलभंडार मोडायचे नाहीत. तरी बाळासोचा भरोसा बसेना. समोरची पार्टी कुणाला फोडील म्हणून त्यानं पाचही जणांना जीपमध्ये घातलं आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॉजवर नेऊन ठेवलं. आता सांगा, अंबाबाईच्या गावात राहून बसव्वाला अंबाबाईचं तोंड दिसलं नाही! खाली चहाला जायचं तरी बाळासोचा माणूस मागं. निवडीच्या दिवशी जीप निघाली ती थेट ग्रामपंचायतीच्या दारात थांबली. साहेबांनी विचारलं, बसव्वा मगदूम यांच्या बाजूनं कोण? पाच हात वर झाले, आणि त्या पाचांतला एक तिचा स्वतःचाच होता.

बाहेर समोरच्या पार्टीतला एक जण मोठ्यानं म्हणाला, “या बघा, पाच हातांची सरपंच!” लोक फिदीफिदी हसले. तेव्हापासून ते नाव चिकटलं.

पण बसव्वानं काम केलं, हे तिचा वैरीसुद्धा नाकारायचा नाही. वरच्या आळीला नळ नव्हता. बाया डोंगर उतरून पाणी न्यायच्या. हिनं तालुक्याला खेटे घातले, साहेबासमोर बोलता येईना म्हणून नुसती उठायचीच नाही. साहेबच कंटाळून म्हणाला, बाई, होईल काम, पण आता घरी जा. चर खणताना ही उन्हात उभी. पाणी आलं त्या दिवशी वरच्या आळीतल्या गंगव्वा म्हातारीनं पहिला हंडा हिच्या पायावर ओतला. आणि अडीच वर्षं पुरी झाली तसा बाळासो दारात. “अक्का, बेलभंडार ध्यानात हाय न्हवं?”

दिला राजीनामा. करते काय! पाच जणांनी बसवली, पाच जणांनीच उठवली. सदस्यांना खुर्ची हवी होती, गावाला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या दिवशी बाया डबे घेऊन गिरणीत आल्या, “का वं सोडलंसा?” म्हणून विचारायला लागल्या. बसव्वानं उत्तर म्हणून गिरणीचं बटण दाबलं. पण प्रश्न तिच्या पोटात घुसला तो कायमचा: गावाला विचारलं असतं, तर गावानं मला ठेवलं असतं का? एवढंच तिला हवं होतं. खुर्ची नको, मान नको. फक्त ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’.

पुढं सरकार बदललं आणि कायदाही बदलला. सरपंच आता थेट गावानं निवडायचा, सदस्यांनी नव्हे. मधेच परत जुना आणला, परत नवा केला. आमच्या गावचं सरपंचपद पुन्हा बाईला आलं तेव्हा थेट निवडणूक होती. बसव्वाला वाटलं, आली वेळ. आता गावालाच विचारतात की! कुणाला बोलली नाही, पण आरशापुढं उभी राहून ‘मायबाप हो’ असं म्हणून बघितलं. स्वतःलाच हसू आलं.

पॅनेलची बैठक मगदुमांच्याच सोप्यात बसली. बसव्वा आत चहा करत होती, कान बाहेर. बाळासो म्हणाला, “उमेदवार ह्याच घरातली द्यायची. कोण दिऊया?” बसव्वानं गॅस बारीक केला. आणि कोण बोलावं? तिचा स्वतःचा नवरा! चन्नाप्पा म्हणाला, “थेट निवडणूक हाय. दारोदार जाऊन बोलाय लागतंय. आमच्या हिला कुटं चार माणसांत बोलाय येतंय? हिला वॉर्डातनं ऱ्हाऊ द्या. शिवांजलीला करा की सरपंच.”

चहा उतू गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

शिवांजली कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली. तालमीच्या फुटबॉल मॅचला घसा बसेस्तोवर ओरडलेली पोर. डी.एड. झालेली, नोकरी लागली नाही, पण आवाज वाया जाऊ दिला नाही. दारोदार फिरली. म्हाताऱ्यांना ‘आण्णा’, बायांना ‘मावशी’, कुत्र्याला सुद्धा ‘सर की बाबा’ म्हणाली. निवडून आली ती दणक्यात. जेसीबीच्या बकेटमधनं गुलाल उधळला. वरची आळी तर नाचत खाली आली. बसव्वाही वॉर्डातनं निवडून आली होती, म्हणून तिच्याही कपाळाला कुणी तरी बोट टेकवलं. ती हसत होती. दात दिसत होते, पण आतून अंगाचा नुसता तिळपापड.

आणि मग सुरू झालं रोजचं मरण. दारात कुणी आलं की “सरपंच हाईत का?” अगं बाई, मीही होते की सरपंच! मला कधी असं विचारत आलीस? गिरणीत बाया उभ्या, आणि तोंडात शिवांजली. शिवांजलीनं रस्त्यावर दिवे लावले, शिवांजलीनं शाळेच्या मास्तराला झापलं, शिवांजली काय बोलती गं! बसव्वा डबा असा काही आपटून ठेवायची की झाकणं उडायची. शिवांजलीनं कांदा चिरला तरी हिला वाटायचं, ही लोकनियुक्त कांदा चिरालीय. “थेट, थेट! थेट म्हंजे काय आभाळातनं पडली व्हय?” असं चुलीपुढं पुटपुटायची, आणि शिवांजली आत आली की विचारायची, “ताक घेतीस?”

वाईट म्हणजे शिवांजली वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. “अक्का, नळाचं काम तुमी कसं केलासा, मला सांगा की,” म्हणून मागं लागायची. बसव्वाला वाटायचं, आता हेही नेणार!

इकडं बाळासोही जळत होता, पण त्याचं जळणं वेगळं. त्याला वाटलं होतं, निवडून आणली म्हणजे ऐकंल. तो उपसरपंच झाला होता, कारण उपसरपंच अजून सदस्यच निवडतात. पण शिवांजली ऐकेना. भर सभेत म्हणाली, “बाळासोदादा, मला नऊ जणांनी निवडलं न्हाई, गावानं निवडलंय. जाब विचारायचा तर गाव विचारंल.”

“मंग आमी काय हितं टाळ कुटाय बसलोय?” बाळासो तडकला. गावभर सांगत सुटला, थेट सरपंच म्हणजे बिनलगामाचं घोडं. सदस्यांनी निवडावा, चुकला तर सदस्यांनीच कान धरून उठवावा, यात शिस्त असते. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतंच असं नाही. शिवांजली सदस्यांना विचारल्याशिवाय कामं ठरवायची, हे खरं. पण बसव्वानं ते ऐकलं आणि तिला आठवलं, काही चूक नसताना माझा कान धरला होतास की रे तू!

दोन वर्षं सरली आणि अविश्वास ठराव आणायची मुभा मिळाली, तसा बाळासो गिरणीत हजर. ठरावाला तीन-चतुर्थांश सदस्य लागत होते आणि त्याला एकच कमी पडत होता. “अक्का, तुमचा हात पायजे. शिवांजली उतरली की कारभार उपसरपंचाकडं. मी उपसरपंचपद सोडतो, आमी सदस्य मिळून तुमास्नी करतो. पुन्ना तुमीच की खुर्चीवर!”

बसव्वा म्हणाली, “घरातली हाय ती.”

“असू द्या की. घरातली हाय म्हणूनच तुमास्नी कुणी मोजंना झालंय.”

हे मात्र बाणासारखं नेमकं लागलं. बाळासोला माणसाची दुखरी जागा नेमकी कळते, त्यावरच त्याचं राजकारण चाललंय. बसव्वानं गिरण बंद केली, पदराला पीठ पुसलं आणि देवळात जाऊन बेलभंडार उचलला. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

मग परत तेच. बाळासोनं आपले सगळे सदस्य गाडीत घातले, फोन काढून घेतले आणि राजारामपुरीत नेऊन ठेवले. लॉज तेवढा नवा, एसीचा. फुटू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून राखण. “एक बी हात हलता कामा नये,” म्हणायचा. तिथं एका सदस्यानं सहज विचारलं, “बाळासो, थेट सरपंचाला गावाचं बी मतदान लागतंय म्हणं?” बाळासो म्हणाला, “ते कायद्यात लिवायचं म्हणून लिवलंय. आपुन हात वर केलं की खेळ खल्लास. आजवर कसं झालंय?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आजवर तसंच झालं होतं ना!

तुमच्या ध्यानात आलं का, या शहाण्यांनी काय केलं? मूठभर सदस्य कुलपात घातले आणि आख्खं गाव शिवांजलीच्या हवाली करून गेले.

सदस्यांच्या सभेला तहसीलदार आले. शिवांजली समोरच बसली होती. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर बाळासोच्या बाकी सगळ्यांचे झाले, बसव्वाचा अर्ध्यावर थांबला. शिवांजली तिच्याकडंच बघत होती. रागानं नव्हे, नुसती बघत होती. तेच बसव्वाला सोसलं नाही. एवढं होऊन हिला राग येत नाही? एवढी मोठी लागून गेली? आणि तिनं हात ताणून वर केला.

ठराव झाला. बाहेर बाळासोच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली, बसव्वा दारात आली तशी तिच्या डोक्यावर गुलालाचं पोतंच उपडं केलं. “बसव्वाक्कांचा विजय असो!” आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाची घोषणा. तिला क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. तेवढ्यात तहसीलदार बाहेर आले आणि वैतागून म्हणाले, “अहो, कसला गुलाल उधळताय? निम्मं काम झालंय. लोकनियुक्त सरपंच आहेत त्या. विशेष ग्रामसभा होईल, गुप्त मतदान होईल. गावानं मान्य केलं तर ठराव, नाही तर त्या आहेत तिथंच.”

फटाके वाजतच होते, घोषणा मात्र थांबली. बाळासोचं तोंड बघण्यासारखं झालं. लोक पारावरनं हसायला लागले. बसव्वा तशीच, डोक्यापासनं पायापर्यंत लाल, आख्ख्या गावातनं घरी चालत आली. पळावं तर पळताही येईना.

घराशी आली तर गिरणीची घरघर. ही कुलूप लावून गेली होती! आत शिवांजली, भुवयांपासून पायापर्यंत पांढरीफेक, कुणाचा तरी डबा भरत होती. सभेतनं घरी येऊन लगेच कामाला लागली होती. दोघी एकमेकींपुढं उभ्या राहिल्या.

“आंगुळीला पाणी ठेवलंय, अक्का,” शिवांजली म्हणाली. “गुलाल लौकर निघत न्हाई.”

“माझ्या गिरणीत काय करालीस?”

“तुमी सांगून गेला न्हाईसा. लोकांची दळणं अडली. भावजींकडनं किल्ली घेतली.”

“आणि हितं बसून मतं मागितलीस व्हय गं?”

“मागितली की,” शिवांजली सरळ म्हणाली. “सगळं गाव एका जाग्याला दुसरं कुठं भेटतंय? तुमी इतकी वर्सं हितं बसलाईसा, अक्का. एकदा तरी मागायची हुती.”

अय्यो शिवा! कुणी कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं. बसव्वा न्हाणीत गेली आणि पाणी ओतत बसली. गिरण माझी, गाव माझं, आणि शिकवणार ही! मत्सरानं तिच्या पोटात नुसती आग पडली. आणि त्या आगीत एक बारीक आवाज म्हणत होता, खरंच की, तू मागितलंसच कधी?

पुढचे दिवस घरात कसे गेले ते विचारू नका. दीर बसवेश तिच्याशी बोलायचा बंद झाला. चन्नाप्पानं दोन्हीकडं मान डोलवायचं धोरण ठेवलं. शिवांजली मात्र ताट वाढायची, ताक विचारायची. बाळासो गावाला वळवायला निघाला, पण त्याची पंचाईत झाली. सदस्यांना लॉजवर नेता येतं, बेलभंडार उचलायला लावता येतो. आख्ख्या गावाला उचलायला एवढा बेल आणायचा कुठनं?

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. आत एका वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा केलेला. चिठ्ठीवर दोन चौकटी. शिवांजलीला काढायचं असलं तर एकीवर शिक्का, ठेवायचं असलं तर दुसरीवर. बायांची रांग फाटकाबाहेर गेली होती. बसव्वा रांगेत उभी राहिली तशी पुढची-मागची जरा सरकली. गंगव्वा म्हातारी तिच्या पुढंच होती, काठीवर वाकलेली. ती मागं वळली.

“तू बी आलीस व्हय मतदानाला?”

“आलो की, गंगव्वाक्का. मी बी गावातलीच हाय न्हवं.”

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आवाज काही बारीक केला नाही. “तुला उठवली तवा आमास्नी अशी चिठ्ठी कुणी दिली न्हाई गं. दिली असती तर वरची आळी सगळी तुझ्यासाठी उतरली असती. मी रांगत आलो असतो. आज बी सगळी उतरलोय बघ. तुझ्या जावंला राखाय. तुझ्यापासनं.”

एवढं बोलून म्हातारी परत पुढं बघायला लागली.

बसव्वाला जे आयुष्यभर हवं होतं ते मिळालं होतं. ‘व्हय’ म्हणाली होती वरची आळी. आणि कधी म्हणाली, तर अशी. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. मागच्या बाईला वाटलं, उन्हानं. तिनं पदर धरला तिच्यावर.

आडोशाआड गेली आणि शिक्का उचलला. बाळासो बाहेर उभा होता, पण आत कुणी नव्हतं. हात वर करायचा नव्हता, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. ‘काढा’च्या चौकटीवर शिक्का नेला सुद्धा. सवयच ती, जळायची. मग तिला वाटलं, ही चिठ्ठी कुणाची? जी मला मिळायला हवी होती तीच की ही! जिनं वरच्या आळीला पाणी नेलं, तिला ठेवायचं की काढायचं, असं विचारलंय कुणी तरी, उशिरा का होईना. बसव्वानं दात-ओठ खाऊन ‘ठेवा’वर शिक्का दाबला. शिवांजलीसाठी नव्हे हो! शिवांजलीचं नावही त्या वेळी तिच्या डोक्यात नव्हतं. राजीनाम्यावर सही करणाऱ्या त्या बाईला तिनं ठेवून घेतलं. चिठ्ठी घडी करून पेटीत टाकली आणि कुणाकडं न बघता घरी आली.

ठराव आपटला. बाळासोची उरलीसुरली पतही गेली. गावानं शिवांजलीला पुन्हा उचलली, पुन्हा जेसीबी, पुन्हा गुलाल. बसव्वा दार लोटून आत बसली होती. मिरवणूक दारावरनं गेली तेव्हा तिच्या पोटात परत तीच आग, तस्सीच. मत दिलं म्हणून जळणं थोडंच थांबतं! पण त्या आगीखाली एक वाक्य दुपारपासून तयार होतं. ‘मी तुला ठिवली.’ एवढंच म्हणायचं. मग काय म्हणायचंय ते म्हणू दे तिला. मनातल्या मनात तिनं ते कितीदा तरी घोकलं. चन्नाप्पापाशी म्हणून बघावं असं वाटलं, पण तो म्हणाला असता, व्हय व्हय, आता सगळीच म्हणत्यात. म्हणून गप्प राहिली.

दिवेलागणीला शिवांजली आली. केस धुतलेले, कानामागं गुलाल तसाच. पाट ओढून बसव्वासमोर बसली. दोघींचीच पानं होती. बसव्वानं तोंड उघडलं.

तेवढ्यात शिवांजलीला हसू फुटलं. “अक्का, एक गंमत सांगू? दुपारपासनं गावात एक माणूस भेटंना, ज्यानं मला काढा म्हणून शिक्का मारलाय. सगळी म्हणत्यात, आमी तुलाच ठिवली. बाळासोदादा बी आला की हो! म्हणतोय, वैनी, हात वर केला तो पार्टीसाठी, आत गेल्यावर तुमालाच दिलं. मंग ती काढायची मतं पेटीत वाऱ्यानं उडून पडली काय?”

बसव्वाचं वाक्य जिभेवर होतं. तेच वाक्य बाळासोच्या जिभेवरनं आधीच जाऊन आलं होतं.

“मी न्हाई दिलं तुला,” बसव्वा म्हणाली.

शिवांजलीनं बसव्वाची वाटी पुढं ओढून तिच्यात आमटी वाढली. “ठावं हाय मला,” ती म्हणाली. “पण तोंडावर सांगितलासा. गावात तेवढ्या तुमीच एक खऱ्या हाईसा, अक्का.”

बसव्वानं खाली मान घालून भाकरी मोडली.